दातांना तार बसवायची? वैशाखऱ्याहून निघण्याआधी फेऱ्यांचाही हिशेब करा

वैशाखरे (ता. मुरबाड) : वेडेवाकडे किंवा पुढे आलेले दात सरळ करायची तार ही आता फक्त शहरातल्या पोरांची गोष्ट राहिलेली नाही. वैशाखरे, टोकावडे, मुरबाड, तिकडे शहापूर, किन्हवली, डोळखांबकडचे पालकही आता चौकशी करतात. प्रश्न ठरलेले असतात. खर्च किती येईल? दुखतं का? लग्नाआधी होईल का? तिन्ही प्रश्न बरोबर आहेत. पण चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्या घराला तोच जड जातो : दीड-दोन वर्षं दर महिन्याला मुलाला घेऊन जायचं कोणी आणि कसं?

कारण तार एकदा बसवली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. आणि अर्धवट सोडलेली तार ही न लावलेल्या तारेपेक्षा वाईट. ती तोंडात राहते, तिच्यात अन्न अडकतं, दातांवर पांढरे डाग पडतात, मग कीड लागते, हिरड्या सुजतात. तारेचा ताण चालू असतो, पण दात कुठल्या दिशेला चालले आहेत हे बघायला कोणी नसतं. त्यामुळे तार कोणती हे ठरवण्याआधी ती काय करते आणि तिला वेळ का लागतो, हे समजून घेतलेलं बरं.

दात हाडातून सरकतो कसा?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांचा एक पातळ थर असतो, दात त्यावर जणू टांगलेला असतो. दातावर हलका पण सतत दाब ठेवला, की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर हळूहळू विरघळवतं आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड भरतं. भातखाचराचा बांध एका अंगाने कोरत जावा आणि दुसऱ्या अंगाला माती घालत जावी, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की हा बांध सरकला म्हणून भावकीत भांडण होत नाही.

हे काम शरीर आपल्या चालीने करतं. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर, बरेचदा त्याहून कमी सरकतो. जोर वाढवला म्हणून तो लवकर पोचत नाही. उलट जास्त जोराने मूळ झिजतं आणि दात कायमचा कमजोर होतो. "तीन महिन्यांत दात सरळ" असं कोणी म्हणालं, की केस अगदी किरकोळ आहे किंवा बोलणारा थाप मारतोय, यापैकी एक धरून चालावं. सर्वसाधारण केसला दीड ते दोन वर्षं लागतात, अवघड केसला त्याहून जास्त.

तारेचं काम दोन भागांत असतं. प्रत्येक दातावर एक बारीक बटण चिकटवतात, त्याला ब्रॅकेट म्हणतात. सगळ्या ब्रॅकेटच्या खाचेतून एक तार ओवतात आणि छोट्या रबरी कड्यांनी बांधतात. सुरुवातीची तार बहुतेक वेळा निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. वाकड्या दातांत ती वाकवून बसवली तरी तिला स्वतःचा मूळ आकार आठवतो, आणि त्या आकाराकडे परत जाताना ती दातांना सोबत ओढते. हा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या एका प्रयोगशाळेत सापडला. तिथं काम चाललं होतं शस्त्रास्त्रांसाठी, उपयोग झाला पोरांच्या दातांना. ज्या मुलींचे कान नकली कानातल्याने चिघळतात त्यांना निकेल सोसत नसण्याची शक्यता असते. ही गोष्ट डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगावी.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग काळजी कशाला?

गावाकडे सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. पडलेला दुधाचा दात कौलावर टाकायची रीत घरोघरी आहे, पण तो वेळेवर पडला की वेळेआधी, हे कोणी बघत नाही.

दुधाचे दात २० असतात. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. त्या नुसत्या चावायला नसतात, खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा धरून बसलेल्या असतात. एसटीत खिडकीवर रुमाल टाकून जागा धरावी तशी. सातव्या वर्षी ती दाढ किडून काढावी लागली, की मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि जागा खाते. मग अकराव्या-बाराव्या वर्षी येणाऱ्या दातांना दाटी होते. सगळ्यात जास्त भोगतो तो वरचा सुळा, कारण तो उशिरा येतो. जागा नाही म्हणून तो वर, बाहेरच्या बाजूने उगवतो आणि घरातले म्हणतात, "हिच्या दातावर दात आलाय." काही घरांत त्याला भाग्याचं लक्षणही मानतात. तिथं ब्रश नीट पोचत नाही, एवढं मात्र खरं.

आणखी एक घोळ सहाव्या वर्षाच्या दाढेचा. ही दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे गुपचूप उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की असते आणि आयुष्यभर पुरायची असते. तिला कीड लागली तर वेळीच भरून घ्यावी. दुधाची दाढ काढावीच लागली, तर "जागा धरून ठेवायला काही बसवता येईल का?" एवढं डॉक्टरला विचारावं. त्यासाठी एक साधी तारेची कडी मिळते. पुढे दोन वर्षांच्या फेऱ्या वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग हा.

वय कोणतं बरोबर?

ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात आणि जबडा यांचे खास डॉक्टर, सांगतात की मुलाचं तोंड साधारण सातव्या वर्षी एकदा दाखवावं. लगेच तार लावायला नव्हे, बघायला. पूर्ण ब्रेसेस बहुतेक करून ११ ते १४ वर्षांच्या सुमारास बसवतात, म्हणजे पक्के दात बहुतेक आल्यावर. मग आधी दाखवायचं कशाला? तर जबड्याच्या तक्रारी वाढीच्या वयातच सुधारतात.

खालचा जबडा लहान राहिल्यामुळे वरचे दात पुढे आल्यासारखे दिसत असतील, तर वाढ जोरात असतानाच्या काळात काढघाल करायचं एक उपकरण देतात. ट्विन ब्लॉक हा त्यातला नेहमीचा प्रकार. वर आणि खाली एकेक तुकडा, तोंड मिटलं की खालचा जबडा पुढे येऊनच मिटतो, आणि वाढत्या वयात तो तिथं जुळवून घेतो. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी होते, म्हणून मुलींना लवकर दाखवायला हवं. प्रत्यक्षात घरोघरी उलटं चालतं. मुलीचे दात आठवतात ते स्थळं यायला लागल्यावर. तोवर वाढ संपलेली असते. मग दात मागे घेता येतात, पण जबडा हलत नाही. फार मोठा फरक असेल तर ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही. याच्या उलट, खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील तर आणखी लवकर, आठ-नऊ वर्षांच्या आतच दाखवावं.

पुढे आलेल्या दातांचा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. खेळताना तोंडावर पडलं की आधी तेच तुटतात. (पक्का दात मुळासकट निघून पडला, तर मूळ न घासता वरच्या बाजूने धरावा, दुधात ठेवावा आणि तासाभरात दंतवैद्याकडे पोचावं. दात परत बसू शकतो. ही गोष्ट शाळेतल्या गुरुजींनाही माहीत असलेली बरी.)

दुसऱ्या बाजूने, घाईही नको. आठ ते दहा वयात वरच्या पुढच्या दोन दातांत फट दिसते, दात पंख्यासारखे फाकलेले वाटतात. हे बरेचदा नैसर्गिक असतं आणि सुळे उतरले की फट आपोआप मिटते. या वयात फट बुजवायला पैसे घेणाऱ्यापासून सावध राहावं.

अंगठा चोखायची सवय तीन-चार वर्षांपर्यंत असली तर चिंता नाही. पुढचे पक्के दात आल्यावरही चालू राहिली तर दात पुढे ढकलले जातात. अंगठ्याला मिरची चोळून पोराचे हाल होतात, सवय तशीच राहते. समजावून, गरज पडल्यास उपकरण लावून ती सोडवता येते. कायम तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्या, घोरणाऱ्या मुलाला मात्र आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं.

मोठ्या माणसांनाही तार बसते, वयाची आडकाठी नाही. अट हिरड्यांची. दिवसातून दोन-तीनदा मिशरी लावणाऱ्या किंवा गुटखा खाणाऱ्या तोंडात हिरड्या खाली गेलेल्या असतात, दाताभोवतीचं हाड कमी झालेलं असतं. तिथं आधी हिरड्यांचा इलाज, सवय बंद, मग तारेचं बोलणं. सैन्य किंवा पोलीस भरतीच्या तयारीतल्या तरुणांनी तार बसवण्याआधी त्या भरतीचे वैद्यकीय नियम वाचून घ्यावेत. सैन्यभरतीत दातांचे किमान १४ गुण लागतात आणि ते किडलेल्या, काढलेल्या दाढांमुळे कमी होतात.

कोणती तार, कुणासाठी?

स्टीलची तार, म्हणजे मेटल ब्रेसेस, ही सगळ्यात जुनी, मजबूत आणि स्वस्त. दिसायला ठळक असते खरी, पण अवघड केस हिच्यानेच नीट होतात आणि एखादं ब्रॅकेट सुटलं तर दुरुस्तीही सोपी. गावातल्या शाळकरी मुलासाठी बहुतेक वेळा हीच योग्य.

सिरॅमिक ब्रेसेसमध्ये ब्रॅकेट दाताच्या रंगाचं असतं, लांबून लक्षात येत नाही. किंमत जास्त, ठिसूळपणाही जास्त. शिवाय आपल्याकडची खास अडचण हळदीची. ब्रॅकेट सहसा पिवळं पडत नाही, पण त्याभोवतीच्या पारदर्शक रबरी कड्या एका कालवणात पिवळ्या होतात. पुढच्या भेटीत त्या बदलतात. तोवर "न दिसणारी" तार चांगलीच दिसते. ज्यांना रंगाचा त्रास नको त्यांनी राखाडी कड्या मागाव्यात.

सेल्फ लायगेटिंग नावाच्या प्रकारात रबरी कडी नसते, ब्रॅकेटलाच छोटं दार असतं. साफ करायला थोडं सोपं, पैसे जास्त. यात इलाज निम्म्या वेळात होतो अशी जाहिरात होते, तिच्यावर विसंबून खर्च वाढवू नये. दातांच्या आतल्या बाजूने बसवायची लिंग्वल तारही असते. ती महाग, जिभेला टोचणारी आणि फार कमी डॉक्टर करतात. इथल्या वाचकाने नाव ऐकून ठेवलं तरी पुरे.

मग मोबाइलवर सारख्या जाहिराती दिसतात ते अलाइनर. हे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा. जेवताना काढता येतात, टोचत नाहीत, दवाखान्याच्या फेऱ्याही कमी. दूरच्या गावासाठी हे उत्तम असं वाटेल. पण दिवसाचे २० ते २२ तास ते तोंडात हवेत, आणि तेवढी शिस्त सातवीतल्या पोराकडून होणं कठीण. खर्च लाखाच्या घरात आणि पुढेही जातो. एक्स-रे न काढता, डॉक्टरने तोंडात न बघता घरी किट पाठवून साचे देणाऱ्या कंपन्यांपासून तर लांबच राहावं. अमेरिकेत असा धंदा करणारी एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि इलाज अर्धवट असलेले ग्राहक तसेच लटकले.

काढता-घालता येणारी प्लेट, जिला बरेच जण "क्लिप" म्हणतात, ती एखादा दात थोडा ढकलण्यापुरती चालते. ती तारेची बदली नव्हे.

दात काढावे लागतील म्हणतात, ते खरं का?

काही केसमध्ये खरं. जबडा लहान आणि दात मोठे असले तर जागा करायला सुळ्यामागचे दोन किंवा चार दात काढतात. ऐकून पालक घाबरतात, आणि "वरचा दात काढला की नजर जाते" हे कोणीतरी सांगतंच. दाताच्या मुळाचा आणि नजरेचा असा काही संबंध नाही. पण दात काढायचा निर्णय तोंडात डोकावून होत नाही. त्यासाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, चेहऱ्याच्या बाजूने काढलेला एक्स-रे, दातांचे साचे आणि फोटो लागतात. हे काहीच न करता कोणी पहिल्या भेटीत दात उपटायला घेतले, तर उठून यावं.

खर्च आणि फेऱ्या

खासगी दवाखान्यात स्टीलच्या तारेचा एकूण खर्च ठिकाण आणि केस पाहून साधारण २५ हजारांपासून ६० हजारांपर्यंत सांगितला जातो, सिरॅमिकचा त्याहून जास्त. बरेच डॉक्टर सुरुवातीला काही रक्कम आणि पुढे महिन्याचे हप्ते घेतात. हा आकडा लिहून घ्यावा आणि त्यात एक्स-रे, दात काढणं, सुटलेलं ब्रॅकेट परत लावणं आणि शेवटचं रिटेनर धरलंय का, ते विचारावं. रिटेनर नंतर वेगळ्या पैशांत निघतं, ही नेहमीची कुरकुर आहे. सरकारी आरोग्य योजनेत दात सरळ करायचा खर्च बसेल असं धरून चालू नये.

आता न लिहिलेला खर्च. तपासणी चार ते सहा आठवड्यांनी असते. दोन वर्षांच्या २२ फेऱ्या धरल्या आणि सोबत जाणाऱ्याची दिवसाची मजुरी ४०० रुपये धरली, तर ८ हजार ८०० रुपये नुसत्या बुडालेल्या रोजाचे. त्यावर दोघांचं भाडं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे मुलीसोबत आई किंवा आजी गेली तर दोघींचंही भाडं अर्धं होतं. दोन वर्षांच्या हिशेबात ही रक्कम लहान नाही.

यात दोन लावण्या आणि दोन कापण्या येतात, पावसाळ्यात घाटरस्त्याचा खोळंबा येतो, परीक्षा येते. म्हणून डॉक्टरला पहिल्याच भेटीत गाव कुठे आहे ते स्पष्ट सांगावं. सुरुवातीच्या निकेल-टायटॅनियम तारेचा ताण बराच काळ टिकतो, त्यामुळे काही टप्प्यांत सहा-आठ आठवड्यांची तारीख देता येते. फक्त ते डॉक्टरने ठरवायचं; घरच्यांनी परस्पर तारीख चुकवणं वेगळं.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचं गणित आणखी वेगळं. आश्रमशाळेतल्या मुलाला दर महिन्याला कोण नेणार, अधीक्षक सोडतील का, हे आधी बोलून घ्यावं. सोय होणारच नसेल, तर तार पुढे ढकलणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात कमीपणा नाही. पूर्ण ब्रेसेस दोन-तीन वर्षं उशिरा बसल्या म्हणून सहसा बिघडत नाही. उशिराने बिघडतं ते जबड्याच्या केसमध्ये, म्हणून निदान ते आधी तपासून घ्यावं.

जायचं कुठे?

पहिली पायरी फुकट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा मुलांची तपासणी करतं. या देशव्यापी कार्यक्रमाची सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. तपासायच्या यादीत दातांचे विकार आहेत, तसंच फाटलेला ओठ आणि टाळूही. ओठ-टाळू फाटलेल्या बाळाचं ऑपरेशन आणि पुढे मोठेपणी दात-जबड्याचा इलाज ही लांबची साखळी असते. अशा बाळाला लपवून न ठेवता पहिल्या महिन्यांतच पथकाला किंवा आशाताईला दाखवावं. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विसरू नये.

टोकावडे आणि मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय इथं दंतचिकित्सक असतील त्या दिवशी कीड भरणं, दात काढणं, साफसफाई आणि सल्ला एवढं करून घ्यावं. तारेसाठी मात्र पुढे जावं लागतं.

स्वस्तात आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तार बसवायची तर दंत महाविद्यालयं. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्टेशनजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा ही खासगी महाविद्यालयं आहेत. सरकारी ठिकाणी खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने बराच कमी. काम पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर करतात, वर प्राध्यापक बघतात. त्याचा मोबदला वेळेत चुकवायचा : सकाळची ओपीडी, रांग, आधी कीड आणि सफाई, मग प्रतीक्षा यादी, आणि फेऱ्या थोड्या जास्तच. शहापूरकडच्यांना आसनगावहून थेट सीएसएमटी लोकल आहे. वैशाखऱ्याहून पहाटे एसटीने कल्याण, तिथून लोकल. मुरबाडची रेल्वे येईल तेव्हा येईल.

म्हणून पुष्कळदा कल्याण किंवा मुरबाडमधला खासगी डॉक्टर फी जास्त असूनही एकूण हिशेबात फार महाग पडत नाही. तिथं पाटी नीट वाचावी. बीडीएस म्हणजे दंतवैद्य. एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स म्हणजे त्यावर याच विषयात आणखी तीन वर्षं शिकलेला तज्ज्ञ. बऱ्याच दवाखान्यांत तज्ज्ञ महिन्यातून एक-दोन दिवस येतात. तेच डॉक्टर दोन वर्षं येणार का, हे विचारायला लाजू नये. नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते, आणि नोंदणी नसलेल्याने दातांचा इलाज करणं कायद्याने गुन्हा आहे. बाजारात बसून पुढचे दात घासून "एका दिवसात सरळ" करणारे दातांचं वरचं कठीण आवरण कायमचं घालवतात. ते परत उगवत नाही.

रबराचा प्रयोग करू नका

मोबाइलवर दिसणारा एक उपाय सगळ्यात घातक आहे : दोन दातांतली फट बुजवायला त्यांच्याभोवती साधं रबर अडकवणं. फट काही दिवसांत खरंच मिटते, म्हणून लोक फसतात. दाताचं मूळ वरती निमुळतं असतं, त्यामुळे रबर घसरत हिरडीत शिरतं आणि दिसेनासं होतं. आत ते मुळाकडे चढत हाड खात जातं. दात हलायला लागतात, आणि असे धडधाकट दात काढावे लागल्याच्या नोंदी डॉक्टरी पुस्तकांत आहेत. घरात कोणी हे केलं असेल आणि रबर सापडत नसेल, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. रबर एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, म्हणून ते लावलं होतं हे तोंडाने सांगावं लागतं.

तार असताना घरात

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात, चावताना जास्त. मऊ भात, पेज, वरण, भाकरी कालवणात कुस्करून, असं चालवावं. नंतर सगळं जेवता येतं, काही गोष्टी सोडून. ऊस दाताने सोलायचा नाही, कणीस तोंडाने कुरतडायचं नाही, दाणे सोलून खायचे. चणे-फुटाणे, सुपारी, चिंचोके, मटणाचं हाड, बर्फाचा गोळा कडाकडा चावणं बंद. म्हशाच्या जत्रेतली चिकट मिठाई आणि चिक्की या ब्रॅकेट उखडायच्या हमखास जागा. आंबा, पेरू कापून. सुटलेलं प्रत्येक ब्रॅकेट म्हणजे एक जादा फेरी, एवढं मुलाला समजलं तरी पुष्कळ.

ब्रश दोनदा, फ्लोराइडच्या पेस्टने, तारेच्या वरून आणि खालून. रात्रीचा ब्रश चुकवू नये. तारेखाली घालायचा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. राखुंडी आणि मिशरी नको.

तार गालाला टोचली तर डॉक्टरने दिलेलं मेण त्या टोकावर लावावं. पक्कडीने तोडायला जाऊ नये. काही सुटलं तर ओठ बाजूला करून उजेडात फोटो काढावा आणि डॉक्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. लगेच यायला हवं की तारखेला चालेल, हे बहुतेक वेळा फोटोवरून सांगता येतं, आणि वैशाखऱ्याहून तेवढी एक फेरी वाचते.

तार निघाली त्या दिवशी

त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात आणि तिथंच घात होतो. सरकलेल्या दाताभोवतीचं नवं हाड अजून कच्चं असतं, हिरडीतले धागे दाताला जुन्या जागी ओढत असतात. दात धरून ठेवायला रिटेनर देतात : काढता येणारी प्लेट, पारदर्शक साचा, किंवा दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. पहिले काही महिने जवळजवळ पूर्ण दिवस, नंतर रात्री, आणि बरेच डॉक्टर सांगतात की रात्रीचं रिटेनर वर्षानुवर्षं चालू ठेवा. वाऱ्यावर सोडलं तर सहा महिन्यांत फट परत दिसायला लागते, आणि दोन वर्षांच्या फेऱ्या, बुडालेले रोज, हप्ते सगळे त्या फटीतून जातात.

रिटेनर हरवायच्या जागाही ठरलेल्या आहेत. जेवताना काढून कागदात गुंडाळलं आणि कागद केरात गेला. उशाखाली ठेवलं आणि अंथरुणासोबत झटकलं गेलं. उकळत्या पाण्यात धुतलं आणि वाकडं झालं. ओट्यावर ठेवलं आणि कुत्र्याने पळवलं. तोंडाचा वास असलेल्या वस्तूवर कुत्री हमखास जातात. घट्ट झाकणाची डबी घ्यावी, तिच्यावर मुलाचं नाव लिहावं, आणि दवाखान्यातून निघताना त्या मुलासाठी ओतलेला दातांचा साचा मागून घ्यावा. रिटेनर हरवलं आणि दात हलायच्या आत साचा हाताशी असला, तर त्यावरून दुसरं बनवता येतं.